मापाचा ब्लाउज आणि चौतीस नंबरची पँट

मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभी होते. पुढे-मागे ओळखीच्या चार-पाच जणी. विषय निघाला ऑनलाइन कपड्यांचा, आणि मग काय विचारता! एकीच्या गाडीत परत पाठवायची तीन पार्सले महिनाभर पडून होती. दुसरीने भारतातून मागवलेला ब्लाउज दंडातून वर सरकतच नव्हता. तिसरी मात्र हळूच म्हणाली, "मला वाटतं, माझंच अंग वेडंवाकडं आहे. काहीच धड बसत नाही."

तिचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही अगदी असेच समजत होते.

पुढे संपादकांशी बोलणे झाले तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले, की कपड्यांचा लेख 'आरोग्य आणि अर्थ' या पानावर कसा बसायचा? अर्थाचे उत्तर सोपे आहे. न बसलेल्या कपड्यांत किती डॉलर जातात, हे एकदा वहीत मांडून बघा. आरोग्याचे उत्तर लेखाच्या शेवटी येईल. तेवढा धीर धरावा, ही विनंती.

चार पँट, चारही चौतीस

माझ्या पुतण्याचे लग्न पुण्याला ठरले. रिसेप्शनसाठी ह्यांना सूट हवा होता. रोजच्या वापरातल्या पँटही विरल्या होत्या. ह्यांना दुकानात नेणे म्हणजे दंतवैद्याकडे नेण्यासारखे. "चौतीस कंबर, तीस लांबी. वीस वर्षं तेच माप आहे. मागवून टाक," असे पेपरातून डोके वर न काढता सांगून हे मोकळे झाले.

मी चार वेगवेगळ्या दुकानांतून चार पँट मागवल्या. सगळ्या चौतीसच्या. एकीचे बटण लागेना. दुसरी पट्ट्याशिवाय कमरेवर थांबेना. तिसरी कमरेत बरोबर, पण मांडीत घट्ट. चौथी उभे असेपर्यंत छान दिसायची, पण खाली बसले की पोटाशी दोरी आवळल्यासारखी व्हायची.

आमची लेक बॉस्टनला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, सगळे असंच करतात. तीन-तीन साइझ मागव, एक ठेव, बाकीचे परत कर." तिचे ऐकले. महिन्याभरात गराजमध्ये खोक्यांचा डोंगर झाला. त्यातले एक खोके परतीची मुदत उलटून गेल्यावर तीन दिवसांनी हाती लागले. आत १२८ डॉलरचे जॅकेट, ह्यांच्या खांद्यांवरून ओघळणारे. दुकानाने पैसे द्यायला साफ नकार दिला. चूक माझीच होती, बोलणार काय? ते जॅकेट आजही कपाटात लटकते आहे.

त्या रात्री मी शिवणाचा डबा उघडला. इकडे येताना आईने बांधून दिलेला, सुया, दोरे, काजाची कात्री आणि पिवळी टेप असलेला. चारही पँट डायनिंग टेबलावर पसरल्या, बटणे लावली, कमरपट्टीचे हे टोक ते टोक मोजले आणि दुप्पट केले. ३४, ३५, साडेछत्तीस आणि ३७! लेबल मात्र चारींवर चौतीसच.

मग म्हटले, आता माणूस मोजू. "कशाला, कशाला" करत हे उभे राहिले. बेंबीच्या जरा वरून टेप फिरवली. साडेएकोणचाळीस.

"पुन्हा मोज," हे म्हणाले.

पुन्हा मोजली, या वेळी श्वास सोडायला लावून. साडेएकोणचाळीसच. म्हणजे हे वीस वर्षे पँट चौतीसची घालत होते हे खरे, पण ती पोटाच्या खाली, आणि ती मुळात चौतीसची नव्हतीच.

त्या आकड्याकडे आपण परत येणारच आहोत. आधी कपड्यांचे बघू.

लेबलवरचा आकडा आला कुठून?

पँटवर ३४ लिहिले म्हणजे ती ३४ इंच, असे आपण धरून चालतो. पण तसे बंधन इथे कुठल्याच दुकानावर नाही. २०१० साली एस्क्वायर मासिकाच्या एका लेखकाने टेप घेऊन दुकानोदुकानी ३६ नंबरच्या पँट मोजल्या होत्या. त्या ३७ पासून थेट ४१ इंचांपर्यंत निघाल्या! कापड वाढवायचे आणि आकडा तोच ठेवायचा, म्हणजे गिऱ्हाईक खूश. या रीतीला इथे 'व्हॅनिटी सायझिंग' असे नावच आहे.

बायकांच्या मापांची कथा आणखी मजेदार आहे. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली, एकेकीची तब्बल ५९. त्याचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. पुढे त्या दशकाच्या अखेरीस, टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्या न बसलेल्या मालाच्या परतीने हैराण झाल्या आणि त्यांनी सरकारकडे धाव घेतली. म्हणजे बघा, परतीच्या पार्सलांचे दुखणे इंटरनेटने आणलेले नाही! त्यातून १९५८ मध्ये सरकारी मापांचा तक्ता तयार झाला. तो पाळणे १९७० च्या सुमारास ऐच्छिक झाले आणि १९८३ मध्ये तो रद्दच करण्यात आला. त्यानंतरही एका मानक-संस्थेचे तक्ते आहेत, पण ते पाळायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. म्हणून एका दुकानातली ८ नंबरची बाई दुसऱ्या दुकानात ४ नंबरची होते आणि तिसऱ्यात १०. समुद्र ओलांडला तर आणखी गंमत. इथला ८ नंबर इंग्लंडात साधारण १२ होतो.

त्या जुन्या पाहणीबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली होती. आपल्यासारख्या बांध्याची, म्हणजे उंचीने बेताची, खांद्यात अरुंद आणि कमरेत भरलेली बाई त्या तक्त्यात नव्हतीच. खुद्द भारतातही आत्ता आत्तापर्यंत इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरच काम भागवत होते. निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइज' नावाची पाहणी हाती घेतली, तीत मुंबईसह सहा शहरांतल्या सुमारे २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घ्यायचे ठरले.

तेव्हा रांगेतल्या माझ्या मैत्रिणीला मला एवढेच सांगायचे आहे. बाई गं, तुझे अंग वेडेवाकडे नाही. ज्या तक्त्यावर तुझा कपडा बेतला, त्या तक्त्यासाठी तुला कुणी मोजलेच नव्हते.

आधी अंगाची मापे

आकड्यावरचा विश्वास उडाला की हातात उरते ती टेप. कापडाची टेप दोन-तीन डॉलरला मिळते. जुनी असेल तर एकदा पट्टीशी ताडून बघावी, कारण त्या ताणल्या जातात. अंगात पातळ कपडे असावेत, आणि मोजायला दुसरे माणूस असावे. स्वतःचे स्वतः मोजताना हात वर होतो आणि माप चुकते.

१. छाती : सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप पाठीमागे खाली घसरू न देता. बायकांनी रोजच्या अंतर्वस्त्रावरूनच मोजावे.

२. कंबर : बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते ती खरी कंबर. पँट आपण जिथे घालतो ते माप वेगळे. दोन्ही लिहून ठेवा.

३. सीट : मागचा सर्वांत भरलेला भाग. पाय जुळवून उभे राहा.

४. खांदा : पाठीमागून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

५. बाही : बायकांच्या कपड्यांत खांद्याच्या टोकापासून मोजतात. पुरुषांच्या शर्टावर ३२ किंवा ३३ असा जो बाहीचा आकडा असतो, तो मात्र मानेच्या मागच्या मध्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचा, कोपर किंचित वाकवून घेतलेला. हे माहीत नसल्यामुळे आमच्याकडे दोन शर्टांच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

६. गळा : कॉलर बसते तिथे, टेपच्या आत एक बोट घालून.

७. दंड : हा आपण नेहमी विसरतो, आणि ब्लाउज अडतो तो तिथेच.

ही मापे इंच आणि सेंटिमीटर दोन्हींत एका कार्डावर लिहा, खाली तारीख घाला आणि ते पाकिटात ठेवा. पोट आत ओढून घेतलेले माप लिहू नये. कपडा काही पोट आत ओढून घालायचा नसतो.

मग मापाचा कपडा

आता खरी गुरुकिल्ली. शिंप्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना तो पहिला प्रश्न काय विचारायचा, आठवते ना? "मापाचं आणलंय का?" त्याच्या गळ्यात टेप असायची, पण भरवसा असायचा तो मापाच्या ब्लाउजवर. अंगाच्या मापाने कपडा होतो. पण मनाजोगता कपडा व्हायला, आवडून घातलेला कपडाच पुढे ठेवावा लागतो. सैल किती, उंच किती, बाही कुठपर्यंत, हे सगळे त्यात आपोआप आलेले असते.

ऑनलाइन खरेदीतही नेमके हेच करायचे. आपल्या कपाटातला सर्वांत छान बसणारा शर्ट, कुडता, पँट काढा. बटणे लावून टेबलावर सपाट पसरा, न ताणता. छाती मोजायची ती काखेच्या एक इंच खाली, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत, आणि दुप्पट करायची. पँटची कंबर, सीट, मांडी तशीच दुप्पट. पायाची आतली शिवण आणि कमरपट्टीपासून काट्यापर्यंतची पुढची उंची मात्र आहे तशी. ही मापे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा.

आता दुकानाच्या तक्त्याकडे वळा. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण तक्ते दोन प्रकारचे असतात. काही अंगाची मापे देतात : तुमची छाती ३६ असेल तर मीडियम घ्या. काही तयार कपड्याची मापे देतात : या मीडियम शर्टाची छाती ४० आहे. पहिल्याची तुलना कार्डाच्या पुढच्या बाजूशी करायची, दुसऱ्याची मागच्या. घोटाळा झाला की दोन नंबरांचा फरक पडतो. अंग आणि कपडा यांत थोडी ढिलाई लागतेच. न ताणणाऱ्या कापडाच्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्याला छातीत निदान दोन इंच, ऐसपैस शर्टाला चार इंच धरा. ताणणाऱ्या होजियरीला याहून कमी पुरते.

कापड काय आहे, तेही वाचावे. शंभर टक्के सुती असेल तर पहिल्या धुण्यात आटण्याची तयारी ठेवा. दोन-तीन टक्के स्पँडेक्स किंवा इलॅस्टेन असेल तर कपडा थोडा सांभाळून घेतो. चित्रातल्या मॉडेलची उंची बहुधा लिहिलेली असते. ती पाच फूट दहा इंच असेल, तर तिच्या पोटरीपर्यंत येणारा कुडता माझ्या घोट्यापर्यंत येणार. मी पाच फूट एक इंच! म्हणून चित्र बघून लांबी ठरवू नये, इंच वाचावेत. आधी घेतलेल्या लोकांच्या अभिप्रायांत कुणी आपली उंची आणि वजन लिहिले असेल तर ते सोन्यासारखे. "फारच छान" एवढेच लिहिलेले काही कामाचे नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते. 'पेटिट' म्हणजे बारीक बाईचे कपडे असे समजून मी वर्षानुवर्षे त्या विभागात पाऊलच टाकले नाही. पेटिटचा संबंध उंचीशी आहे, जाडीशी नाही. साधारण पाच फूट चार इंच आणि त्याखालच्या उंचीसाठी खांदा, बाही, कंबर सगळेच वर घेऊन ते कपडे बेतलेले असतात. पहिला पेटिट कोट अंगात घातला तेव्हा खांदा खांद्यावर बसला. इतकी वर्षे मी खांदे पडलेल्या कोटांत वावरत होते!

शेवटचा नियम शिंप्याचा. जे नंतर दुरुस्त होत नाही, ते आधी बघा. जॅकेटचा खांदा आणि मुंढा, पँटची काट्याची उंची, ही जागच्या जागी बसलीच पाहिजेत. लांबी कमी करणे, कंबर एखाद-दुसरा इंच आत घेणे, ही कामे गल्लीतला ड्रायक्लीनरही करून देतो. म्हणून सर्वांत भरलेल्या भागाला बसेल तो नंबर घ्या आणि बाकीचे आत घ्या. घट्ट कपडा सैल करायला आत माया असावी लागते, आणि तयार कपड्यांत ती फारशी ठेवलेली नसते.

ह्यांच्या सुटाचा उलगडाही असाच झाला. इथे जॅकेट आणि पँट एकत्र घेतली, की पँटची कंबर बहुधा छातीपेक्षा सहा इंच कमी धरलेली असते. ४० च्या जॅकेटला ३४ ची पँट. पंचविशीतल्या मुलाला ते ठीक आहे. साठीच्या घरातल्या आपल्या मंडळींचे तसे गणित जमत नाही. त्यासाठी 'सूट सेपरेट्स' म्हणून जॅकेट आणि पँट वेगवेगळ्या मापांत घेता येतात. जॅकेटची लांबीही शॉर्ट, रेग्युलर आणि लाँग अशी येते. ह्यांची उंची पाच फूट सहा इंच, म्हणून '४० शॉर्ट' घेतले. बाही आणि लांबी दोन्ही पहिल्या फटक्यात बरोबर. पँट स्वतंत्र मागवली, ती लेबल न बघता इंच बघून.

भारतातून मागवताना

तयार ब्लाउज, कुडते, शेरवानी आपण तिकडून मागवतो. तिथे तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, '३६' म्हणजे अंगाची छाती ३६ की तयार ब्लाउजची? दोन, आत माया किती सोडली आहे? दोन इंच असेल तर निर्धास्त, कारण ब्लाउज उसवून सैल करता येतो. तीन, मुंढा आणि दंड यांची मापे काय? शिवूनच घेणार असाल तर मापाच्या ब्लाउजवर टेप ठेवून फोटो काढा आणि पाठवा. शब्दांत सांगितलेल्या मापापेक्षा फोटोतले माप बरे.

खर्चाचीही एक बाजू आहे. २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतची पार्सले अमेरिकेत जकातीशिवाय येत. ही सवलत चीनच्या मालासाठी २ मे २०२५ पासून आणि बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद करण्यात आली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने इकडची बहुतेक पार्सले घेणेही काही आठवडे थांबवले होते. दर बदलत असतात, म्हणून मागवण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारा : लिहिलेल्या किमतीत जकात धरली आहे की दारात भरावी लागेल? न बसलेला कपडा भारतात परत पाठवणे तर बहुधा परवडतच नाही. अशा वेळी पहिल्यांदा एकच नग मागवावा. तो बसला तर पुढचे चार.

परतीचा हिशेब

"घेतलेली वस्तू तीन दिवसांत परत करायचा कायदा आहे ना?" असे मला अनेकांनी विचारले आहे. दारावर येऊन केलेल्या विक्रीसाठी असा एक केंद्रीय नियम आहे, पण तो ऑनलाइन खरेदीला लागू नाही. न बसलेला कपडा परत घेतलाच पाहिजे, असा सरसकट केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. दुकानाने जे लिहिले असेल तेच खरे. (इंग्लंडातल्या आपल्या नातेवाइकांचे मात्र बरे आहे. तिथे २०१३ च्या नियमांनुसार माल हातात पडल्यापासून १४ दिवसांत ऑनलाइन खरेदी कारण न देता रद्द करता येते. खास मापाने शिवून घेतलेले कपडे त्यातून वगळले आहेत.)

म्हणून पैसे भरण्याआधी चार ओळी वाचाव्यात : मुदत किती दिवसांची, आणि ती मागवल्यापासून की मिळाल्यापासून, टपालखर्च कोणाचा, रोख परत मिळणार की फक्त दुकानाची उधारी, आणि 'फायनल सेल' असे कुठे बारीक अक्षरांत आहे का. हल्ली अनेक दुकाने टपालाने परत करण्याचे पैसे कापतात, पण त्यांच्याच दुकानात नेऊन दिले तर घेत नाहीत. लेकीची तीन-तीन मागवण्याची युक्ती त्यामुळे आता तितकी फुकटची राहिलेली नाही.

आमच्या घरी आता खोके आले की त्यावर मार्करने परतीची शेवटची तारीख लिहिली जाते. कपडा त्याच दिवशी घालून बघायचा, उभे राहून, खाली बसून, हात वर करून. लेबल काढायचे नाही. परत पाठवले की पोस्टाची पावती वहीत, आणि पैसे कार्डावर जमा होईपर्यंत त्या ओळीवर काट मारायची नाही. वर्षाच्या शेवटी बेरीज केली तेव्हा कळले, की आधीच्या वर्षी परतीचा टपालखर्च, मुदत हुकलेले कपडे आणि 'असू दे' म्हणून ठेवलेले पण कधीच न घातलेले कपडे, यांत मिळून आमचे ४०० डॉलरच्या वर गेले होते. मुंबईला आईला दर दिवाळीला मी साडीसाठी पाठवते, त्याच्या चौपट!

पैसे भरायला क्रेडिट कार्ड वापरावे. माल आलाच नाही, किंवा परत केल्यावर पैसे जमा झाले नाहीत, तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याखाली तक्रार करता येते. ती रक्कम दाखवणारे पहिले बिल निघाल्यापासून ६० दिवसांच्या आत कार्ड कंपनीला लेखी कळवायचे. डेबिट कार्डाला असे संरक्षण नाही. आणि सांगितलेल्या मुदतीत, किंवा मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, माल पाठवता आला नाही तर विक्रेत्याने तुमची संमती घ्यायची, नाही तर पैसे परत करायचे, असा केंद्रीय नियम आहे.

टेपने सांगितलेली दुसरी गोष्ट

आता साडेएकोणचाळीसकडे परत येऊ.

मी डॉक्टर नाही. पण तो आकडा बघून मला झोप येईना. ह्यांच्या वडिलांना मधुमेह होता. शिवाय रोज रात्री छातीत जळजळते म्हणून हे गोळी घेत होते आणि दोष माझ्या फोडणीला देत होते. पोटावर आवळलेल्या पट्ट्यानेही जळजळ वाढते, हे आम्हाला नंतर कळले.

अमेरिकेत पुरुषांची कंबर ४० इंचांच्या वर आणि बायकांची ३५ च्या वर गेली की धोका, असे साधारण सांगितले जाते. म्हणजे हे अर्ध्या इंचाने वाचले, असे ह्यांचे म्हणणे. पण आपल्या लोकांचा हिशेब वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २००५ मध्ये दक्षिण आशियाई लोकांसाठी वेगळी मर्यादा सांगितली : पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचही नाही, आणि बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस. आपल्याकडे वजन बेताचे दिसले तरी चरबी पोटाशी साठते. त्यामुळेच वजन-उंचीच्या गुणोत्तरात, म्हणजे बीएमआयमध्ये, इतरांना २५ ला जी सूचना मिळते ती आशियाई वंशाच्या लोकांना २३ लाच द्यावी, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून सांगितले आहे. आरोग्यासाठी कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरतात, सहज श्वास सोडून.

मी ह्यांना एवढेच म्हटले, "अहो, पँटवर काय लिहिलंय ते सोडा. डॉक्टरांकडे जाऊन या." रक्त तपासले. ए-वन-सी ६.२ निघाले. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाची पूर्वसूचना, ६.५ पासून मधुमेह. म्हणजे दार वाजत होते, पण पाहुणा अजून आत आलेला नव्हता.

डॉक्टरांनी औषध दिले नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगाचा दाखला दिला. त्यात अशा सीमेवरच्या लोकांना वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा, असे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ह्यांचे वजन १६८ पौंड होते, म्हणजे उतरवायचे साधारण बारा. ऐकायला फार वाटले नाही. करायला नऊ महिने लागले. संध्याकाळी मॉलमध्ये फेऱ्या, भात एक मूद, चहाबरोबरची बिस्किटे बंद. मधे लग्नाची पंगत आणि जिलब्या झाल्याच. तरी वजन १५७, कंबर ३७ आणि ए-वन-सी ५.८ वर आले. अजून सीमेच्या आतच आहे, साडेपस्तीस अजून दूर आहे. पण रात्रीची गोळी सुटली आणि फोडणी निर्दोष ठरली.

मला राहून राहून वाटते ते हे. ह्यांची कंबर काही एका रात्रीत वाढली नव्हती. वर्षाला पाव-पाव इंच वाढत असणार. शिंपी असता तर टेप लावताक्षणी म्हणाला असता, "साहेब, गेल्या खेपेपेक्षा सुटलात." इथे आपल्याला असे सांगणारे कुणी नाही. उलट लेबल दर वर्षी गोड बोलते, आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

तेव्हा मंडळी, एक करा. या दिवाळीला नवे कपडे मागवण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे माप घ्या आणि तारीख घालून कार्ड करा. पुढच्या दिवाळीला पुन्हा. कपडे बसतील, परतीची खोकी कमी होतील, आणि कंबरेच्या रकान्यात दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी येतील. त्यांत फरक दिसला तर डॉक्टरांना नक्की दाखवा. ज्यांचे आई-वडील भारतातून उन्हाळ्यात येतात, त्यांनी त्यांचीही मापे घ्यावीत.

आमच्याकडे गेल्या आठवड्यात सुटाची पँट कमरेत आत घ्यायला दिली. ड्रायक्लीनरने विचारले, "साइझ काय?" हे सवयीने "चौतीस" म्हणाले. मग माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "टेप लावूनच बघा."